मधलं पाणी

बुसानच्या योंगदो बेटावर रताळ्याचं एक संग्रहालय आहे. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात ते नसतं आणि असतं तरी फार कुणी गेलं नसतं, कारण तिथे पोहोचायला एकमेकांच्या डोक्यावर बसलेल्या घरांमधून चढत जावं लागतं. आत जो ओम नावाच्या दरबारी अधिकाऱ्याची हकिगत आहे. १७६३ मध्ये कोरियाच्या राजाचं शिष्टमंडळ घेऊन हा गृहस्थ जपानला निघाला. वाटेत त्सुशिमा बेटाच्या सासुना बंदरात त्याची जहाजं थांबली. तिथली माणसं जमिनीतून खणून काढलेलं काहीतरी उकडून खात होती आणि त्यावर त्यांची पोटं भरत होती. जो ओमने पुढच्या प्रवासाची वाट न बघता तिथूनच त्याचं बेणं बुसानला पाठवून दिलं. कोरियात रताळं पहिल्यांदा लागलं ते योंगदोच्या या उतारावर, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

"एवढं बघायला एवढं चढलो?" माझ्या नणंदेने काचेआडच्या रताळ्याकडे बघत विचारलं. ताई शाकाहारी आहेत, एकादशी धरतात, आणि रताळ्याशी त्यांचं नातं माझ्यापेक्षा जुनं आहे. मी म्हटलं, "ताई, तुमच्या उपासाला चालणारं हे रताळं अमेरिकेतून निघालंय. स्पॅनिश जहाजांनी फिलिपिन्सला आलं, तिथून चीन, चीनहून र्युक्यू बेटं, मग जपानचं दक्षिण टोक, मग त्सुशिमा, मग हा डोंगर." त्या म्हणाल्या, "आणि आपल्याकडे?" म्हटलं, पोर्तुगीज. त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीबद्दलही मी सांगू शकले असते, पण सहलीची नुकतीच सुरुवात होती.

जपान आणि कोरिया बघून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींकडून मी दोन ठरावीक वर्णनं इतकी वर्षं ऐकत आले आहे. कोरियाचं जेवण लाल, तिखट, लसणीचं. जपानचं नाजूक, बेतशीर, बघत राहावं असं. सोलला गेलं आणि टोकियोला गेलं की हे खरंच वाटतं. दोन्ही राजधान्या एकमेकींपासून लांब आहेत आणि प्रत्येकीला आपलं वेगळेपण मिरवायची हौस आहे. मला मधलं पाणी बघायचं होतं. बुसानपासून त्सुशिमा जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. त्सुशिमापासून जपानचंच फुकुओका त्याच्या दुपटीहून लांब. या सामुद्रधुनीतून लष्करं गेली, कैदी गेले, राजदूत गेले, निर्वासित गेले, आणि प्रत्येक खेपेला कुणाच्या तरी बोचक्यात काहीतरी खाण्याचं होतं. म्हणून बुसानला उतरायचं, बोटीने त्सुशिमा, तिथून फुकुओका आणि मग क्युशूच्या पश्चिम किनाऱ्याने आरितापर्यंत, असा बेत केला.

बुसानमध्ये गामचॉनची रंगीत घरं बघायला बसच्या बस भरून येतात. त्याच टेकडीला लागून आमीदोंग नावाची वस्ती आहे, तिथे आम्ही दोघी आणि मांजरं एवढेच होतो. जपानी राजवटीत इथे जपान्यांचं दफनस्थान होतं. १९४५ मध्ये जपानी निघून गेले. १९५० मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेकडून लाखो माणसं बुसानमध्ये लोटली, कारण देशाचा हा कोपरा तेवढा शत्रूच्या हाती पडला नव्हता. डोक्यावर छप्पर हवं होतं आणि दगड तयार होते. लोकांनी थडग्यांचेच दगड पायात घातले, पायऱ्यांना लावले, त्यावर घरं उभी केली. आजही गल्लीतून चालताना एखाद्या भिंतीच्या तळाशी, गॅसच्या सिलिंडरखालच्या ओट्यात जपानी अक्षरं कोरलेली दिसतात. सणावारी या अनोळखी मृतांसाठीही भाताची वाटी ठेवायची पद्धत इथल्या बायकांनी पाळली असं सांगतात. जपानबद्दल कोरियन माणसाच्या मनात काय साठलेलं आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला ही वाटी साधी वाटणार नाही.

त्याच निर्वासितांनी बुसानला मिलम्यन दिलं. उत्तरेकडे बकव्हीटच्या, नाहीतर बटाट्याच्या सत्त्वाच्या शेवया थंडगार रश्श्यात घालून खातात. बुसानमध्ये बकव्हीट कुठून आणायचं? अमेरिकन मदतीची गव्हाच्या पिठाची पोती मात्र मुबलक होती. मग गव्हाच्याच शेवया झाल्या. उआमदोंग भागात जपानी काळात जपानला पाठवायच्या गुरांसाठी बांधलेल्या गोठ्यांत निर्वासित राहिले, आणि त्याच भागातल्या एका जुन्या खानावळीत मी मिलम्यन खाल्लं. स्टीलचा वाडगा, वर बर्फाचा चुरा, मध्ये लाल मसाल्याचा गोळा. वाढणारी बाई कात्री घेऊन आली आणि न विचारता शेवया कचाकच कापून गेली. टेबलावरचं व्हिनेगर आणि मोहरी आपणच घालायची. पहिल्या घोटाला दात शिवशिवतात, मग मसाला विरघळू लागतो आणि वाडग्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत नाकातून पाणी येतं. बर्फाच्या पाण्यात इतकं तिखट मावतं याची मला कल्पना नव्हती. रस्सा हाडांचा असतो, त्यामुळे ताई समोर बसून उकडलेलं अंडं नको म्हणत होत्या.

ताईंचं काय, हा प्रश्न कोरियात रोज दोनदा उभा राहतो. किमची भाजीची असली तरी शाकाहारी नसते, हे त्या घरूनच वाचून आल्या होत्या. का नसते, ते मला द्वेजी-गुकबापच्या दुकानात दिसलं. डुकराच्या हाडांचा रात्रभर उकळलेला दुधी रस्सा, त्यात भात, वर लसणीच्या पातीचा ढीग. बुसानच्या गोदी कामगारांचं हे जेवण आहे. रस्सा अळणी देतात. चवीला बाजूला एका बशीत सेउजत असते: बोटाच्या पेराएवढ्या गुलाबी कोलंब्या, मिठात मुरवलेल्या, काळ्या डोळ्यांच्या ठिपक्यांसकट. मी मालवणची. तो डोळ्यांचा ठिपका मी कुठेही ओळखीन. हा जवळा होता. नंतर बघितलं तर खरोखरच तेच कूळ निघालं. शास्त्रात ॲसेटिस म्हणतात, आपल्याकडची जात वेगळी, त्यांची वेगळी. आपण वाळूत पसरून सुकवतो, कोरियात मिठाच्या पिंपात घालतात. जुन्या पंचांगाच्या सहाव्या महिन्यात पकडलेल्याला सगळ्यांत जास्त भाव, कारण तेव्हा तो भरलेला असतो. हीच सेउजत किमचीच्या पानापानांत चोळतात. म्हणजे जिला जग कोबीचं लोणचं समजतं, तिचा अर्धा जीव समुद्रातला आहे. मी ती बशी दोनदा मागवली.

ताईंची सोय शेवटी देवाने केली. शहराच्या उत्तरेला डोंगरात बमओसा नावाचा मठ आहे, ६७८ मध्ये स्थापन झालेला. दुपारच्या जेवणाच्या रांगेत आम्ही उभ्या राहिलो. भात, चार रानभाज्या, सोयाबीनच्या पेस्टचं पातळ सूप आणि किमची, जिच्यात ना कोलंबी, ना माशाचं पाणी, ना लसूण. मिठाने आणि सोया सॉसने मुरलेली ती किमची ताईंनी तीनदा घेतली. बौद्ध मठांत पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात. लसूण, कांद्याची पात आणि त्याच जातीच्या आणखी दोन पाती, हे चार ऐकून ताईंनी समाधानाने मान डोलावली. चातुर्मासात त्यांच्या घरी हेच चालतं. पाचवा हिंग. "हिंग?" त्या म्हणाल्या. "हिंगाने कुणाचं काय बिघडलंय?" कोरियात हिंग उगवत नाही, भिक्षूंनी तो बहुतेक कधी पाहिलेलाही नसतो. भारतात केलेल्या नियमाबरोबर तो कागदावर चीनमार्गे इथवर आला आणि न मिळणाऱ्या वस्तूवरची ती बंदी शतकानुशतकं पाळली जाते आहे. परतताना बसमध्ये ताई एकदम म्हणाल्या, "वरणात मग घालत काय असतील?" वरणच नसतं, हे सांगायला मला जरा जड गेलं.

बुसानच्या बंदरातून त्सुशिमाच्या हिताकात्सुला जाणारी बोट सकाळी सुटते. बोटीत आम्ही दोघी सोडून जवळजवळ सगळे कोरियन, आणि त्यातले निम्मे संध्याकाळी परत जाणारे. सायकली, मासे पकडायचे गळ, रिकाम्या पिशव्या. दीड तासाच्या आसपास लागतं, त्यातला शेवटचा अर्धा तास समुद्राने आम्हाला चांगलंच हलवलं. उतरल्यावर पारपत्र तपासणीच्या रांगेत त्याहून जास्त वेळ गेला. २०१८ मध्ये या बेटावर चार लाखांहून जास्त कोरियन आले होते; बेटाची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी दोन्ही सरकारांचं बिनसलं, कोरियात जपानवर बहिष्काराची लाट आली आणि मग साथ. त्या मधल्या काळाच्या खुणा गावात दिसतात. बंद दुकानांच्या काचांवर कोरियन अक्षरातल्या पाट्या उन्हाने पांढऱ्या झालेल्या, शेजारी नव्या पाट्या नव्या रंगात.

त्सुशिमा बघायला फारसं कुणी का येत नाही ते बोटीतूनच कळतं. बेट म्हणजे समुद्रात बुडलेली डोंगररांग. नव्वद टक्क्यांच्या जवळपास जमीन डोंगर आणि जंगल, सपाट जागा खाडीच्या टोकाला रुमालाएवढी. भात फारसा पिकत नाही. या एका गोष्टीतून बेटाचा सगळा इतिहास आणि सगळा स्वयंपाक निघाला आहे.

स्वयंपाकाचं आधी सांगते. रताळं इथे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या दक्षिण टोकाहून, सात्सुमाहून आलं, आणि दुष्काळात त्याने बेट जगवलं. पण रताळं टिकत नाही. बेटावरच्या बायकांनी त्यावर जो उपाय काढला त्याला "सेन" म्हणतात. हिवाळ्यात छोटी, खरचटलेली, टाकाऊ रताळी कुटून पाण्यात घालायची, कुजू द्यायची, गोळे करून उघड्यावर ठेवायचे, त्यांच्यावर बुरशी येऊ द्यायची, पुन्हा पाण्यात, पुन्हा गाळून, खालचा साका घेऊन त्याचे छोटे गोळे वाळवायचे. वाळत घालताना तीन बोटांनी दाबतात, त्यामुळे प्रत्येक गोळ्याला नाक येतं. सगळा हिवाळा यात जातो. हे गोळे मग वर्षानुवर्षं टिकतात. खायच्या वेळी भिजवून मळायचे आणि भोकं पाडलेल्या पत्र्यावर घासून खाली उकळत्या पाण्यात पाडायचे. आपल्या सोऱ्यातून शेव पडावी तशा आखूड, तपकिरी काड्या पडतात. यांना रोकुबे म्हणतात.

रस्त्याकडेच्या एका छोट्या खानावळीत दोन वयस्क बायका ते करून देत होत्या. जपानी स्वयंपाकात बहुतेक कुठल्याही रश्श्याचा पाया वाळलेला मासा असतो, त्यामुळे ताईंसाठी मी फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने नुसती रोकुबे आणि सोया सॉस मागितलं. त्या दोघींनी फोनकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि ताईंना नीट न्याहाळून घेतलं. मग वाडगा आला. रताळ्याच्या गोडव्याचा त्यात मागमूस नाही. काड्या थरथरत्या, जिभेवरून निसटणाऱ्या, आणि चव ओल्या मातीची. मला पहिल्यांदा आवडल्या नाहीत. ताईंनी वाडगा संपवला आणि म्हणाल्या, "हे भुकेचं अन्न आहे. असंच असतं." १९७२ च्या दुष्काळात त्या सोलापूर जिल्ह्यात होत्या. मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल त्या फार बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

संध्याकाळी मी तोन्चान खाल्लं: डुकराचं मांस सोया, लसूण, तीळ आणि फळांच्या रसात मुरवून लोखंडी पत्र्यावर कोबीबरोबर परतलेलं. युद्धानंतर या बेटावर राहिलेल्या कोरियन लोकांकडून ते उत्तर त्सुशिमाने उचललं. आता ते गावाचा अभिमान आहे आणि बुसानहून दिवसाच्या फेरीला आलेले कोरियन ते स्थानिक जपानी पदार्थ म्हणून चाखून जातात. माझ्या शेजारच्या टेबलावर नेमकं तेच चाललं होतं.

इतिहासाचा भाग दक्षिणेला इझुहारात. बस बेट उभं चिरत जाते, अडीच तास, बोगद्यामागून बोगदा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या तेव्हाच्या सत्ताधीशाने, हिदेयोशीने, कोरियावर दोनदा स्वारी केली, देश उद्ध्वस्त केला, आणि व्यापार थांबला. त्सुशिमाचं धान्य कोरियाहून यायचं. जपानच्या नव्या सत्ताधीशांना, तोकुगावांना, समेट हवा होता पण आधी वाकायचं नव्हतं. कोरियाच्या दरबाराला आधी जपानचं पत्र हवं होतं. त्सुशिमाच्या सो घराण्याने तोडगा काढला. त्यांनी जपानचं पत्र स्वतःच लिहिलं. मग कोरियाचं उत्तर आलं ते न लिहिलेल्या पत्राला असल्यामुळे तेही बदललं. १६०७ मध्ये पहिलं शिष्टमंडळ गेलं आणि दोन्ही दरबारांना वाटलं, समोरचाच आधी नमला. यासाठी कोरियाच्या राजाचे खोटे लाकडी शिक्के कोरून घेतले होते. ते आजही क्युशूच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पुढे घरातल्याच एका कारभाऱ्याने भांडं फोडलं, १६३५ मध्ये शोगुनपुढे सुनावणी झाली. हद्दपार झाला तो कारभारी. सो घराणं जागेवर राहिलं, कारण हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. एकूण बारा शिष्टमंडळं गेली, शेवटचं १८११ मध्ये, आणि ते त्सुशिमापर्यंतच आलं. मला या खोट्या पत्रांचं कौतुक वाटतं. भात जेमतेम पिकणाऱ्या बेटाने दोन राज्यांना दोनशे वर्षं बोलतं ठेवलं.

बेटाच्या उत्तर टोकावर वानिउराला कोरियाकडे तोंड करून उभी केलेली एक कोरियन धर्तीची चौकी आहे. स्वच्छ रात्री तिथून बुसानचे दिवे दिसतात. आम्ही गेलो तेव्हा धुरकट होतं, पण ताईंच्या फोनने "कोरियात आपलं स्वागत आहे" असा संदेश दिला. शेजारी एक स्मारक आहे: १७०३ मध्ये कोरियाहून निघालेलं दुभाषांचं जहाज किनारा समोर दिसत असताना वादळात फुटलं आणि शंभरावर माणसं गेली.

फुकुओकाबद्दल थोडक्यात. शहर मोठं आहे, छान आहे, त्याची माहिती सगळीकडे मिळते. मी एका गोष्टीसाठी थांबले. कावाहारा तोशिओ हा बुसानमध्ये जन्मलेला जपानी माणूस युद्धानंतर परत आला आणि नाकासु भागात त्याने छोटं दुकान टाकलं. लहानपणी बुसानच्या बाजारात खाल्लेली मिरचीतली माशाची गाबोळी त्याला सुटेना. आठवणीवर हात बसवत त्याने ती जपानी जिभेला रुचेल अशी केली आणि १९४९ मध्ये विकायला ठेवली. हीच मेन्ताइको. ती चालू लागल्यावर त्याने तिचं पेटंट घेतलं नाही. विचारायला आलेल्यांना कृती सांगितली. आज फुकुओकाच्या स्टेशनवर मेन्ताइकोच्या पेट्यांच्या भिंती असतात. गाबोळी मात्र आता ना बुसानची ना फुकुओकाची. ती ज्याची असते तो पोलॉक मासा कोरियाच्या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला, २०१९ पासून तिथे तो पकडायलाच बंदी आहे; दोन्ही किनाऱ्यांवरची गाबोळी रशिया आणि अलास्काहून गोठून येते. गरम भातावर अर्धी गाबोळी ठेवून खाल्ली. गाबोळीच्या बाबतीत मालवणी माणूस तटस्थ राहू शकत नाही, म्हणून मत देत नाही.

फुकुओकाहून समुद्राच्या कडेने जाणारी गाडी कारात्सुला पोहोचवते, तिथून बसने योबुको. हे म्हाकुळांचं गाव. धक्क्यावर लोखंडी चक्रांना म्हाकुळं अडकवलेली आणि चक्रं विजेच्या मोटरवर गरागरा फिरत होती, माश्या बसू नयेत आणि लवकर वाळावीत म्हणून. सकाळच्या बाजारात म्हाताऱ्या बायका लाकडी खोक्यांवर बसून माल विकतात आणि भावात घासाघीस केली की हसतात, कमी मात्र करत नाहीत. हॉटेलात म्हाकूळ हौदातून काढून मिनिटभरात समोर येतं, काचेसारखं आरपार, खालच्या बशीची नक्षी दिसावी इतकं. त्याचे ठिपके अजून रंग बदलत असतात. ताई उठून बाहेर गेल्या. कच्चं म्हाकूळ मऊ असेल असं मला वाटत होतं. ते कुरकुरीत निघालं आणि चावता चावता गोड होत गेलं. उरलेलं डोकं आणि पाय परत नेऊन तळून आणतात. तळलेलं मला जास्त आवडलं, आणि जपानी खवय्यांनी त्यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

योबुकोच्या वरच्या पठारावर नागोया किल्ल्याचे अवशेष आहेत. मोठ्या नागोया शहराशी याचा संबंध नाही. हिदेयोशीने १५९२ मध्ये कोरियावर सैन्य धाडलं ते इथून. काही महिन्यांत किल्ला उभा राहिला, भोवती शंभरावर सरदारांच्या छावण्या पडल्या, मासेमारीच्या वस्तीचं एकाएकी महानगर झालं. १५९८ मध्ये हिदेयोशी मेला आणि महानगर विरून गेलं. पुढे तटबंदीचे कोपरे मुद्दाम फोडले गेले, पुन्हा कुणाला वापरता येऊ नये म्हणून. ते तसेच फुटके ठेवले आहेत. शेजारच्या संग्रहालयात दोन्ही देशांचा इतिहास आक्रमणासकट सरळ सांगितला आहे. त्या दिवशी शाळेची सहल आली होती आणि पोरं नकाशासमोर उभी राहून शिक्षिकेला विचारत होती, आपण जिंकलो का?

मिरचीचा घोळ या युद्धापाशी येऊन थांबतो. कोरियात १६१४ च्या एका ज्ञानकोशात यी सु-ग्वांगने लिहून ठेवलंय की ही जहाल वस्तू जपानहून आली. फुकुओकाच्याच पदरी असलेला पंडित काइबारा एकिकेन याने १७०९ मध्ये छापलेल्या वनस्पतींच्या ग्रंथात लिहिलंय की हिदेयोशीच्या स्वारीत मिरचीचं बी कोरियाहून जपानात आलं. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांनीही ती समोरच्याच्या माथी मारली. आणणारे बहुधा पोर्तुगीज, जसे गोव्याला. एका देशाने तिने आपलं जेवण लाल करून टाकलं, दुसऱ्याने चिमूटभर शिंपडायला डबीत ठेवली. असं का झालं याची उत्तरं पुष्कळ आहेत आणि मला त्यातलं एकही पुरेसं वाटत नाही.

परतणाऱ्या सैन्याने कोरियातून कुंभार आणले. इमारीहून बसने पाव तासावर ओकावाचियामा आहे, तिन्ही बाजूंनी कडे आणि आत शिरायला एक वाट. नाबेशिमा सरदारांनी आपल्या सर्वोत्तम भट्ट्या १६७५ मध्ये इथे हलवल्या, वाटेवर चौकी बसवली, कारण कृती बाहेर जाता कामा नये. इथली भांडी विकायची नव्हती; शोगुनला आणि सरदारांना नजराणा म्हणून जायची. गावाच्या टोकाला झाडीत दगडांचा उतरता ढीग आहे. विखुरलेल्या ८८० कुंभारांच्या थडग्यांचे दगड गोळा करून रचलेले. त्यांचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही. आमीदोंगचे दगड बघून आल्यामुळे मी इथे जरा जास्त वेळ उभी राहिले.

आरिता त्यामानाने नशीबवान कुंभारांचं गाव. नाबेशिमा नाओशिगेने आणलेल्या यी साम-प्योंगला इथल्या इझुमियामा डोंगरात चिनी मातीचा दगड सापडला. परंपरेने सांगतात ते वर्ष १६१६. जपानचं पोर्सिलेन तिथून सुरू होतं. गावच्या देवळाची कमान पोर्सिलेनची आहे, निळी-पांढरी, १८८८ ची, आणि देवळाच्या पायऱ्यांना मधोमध रेल्वेचे रूळ छेदून जातात. फाटक नाही, आपणच डावी-उजवीकडे बघून देवाकडे जायचं. आत मुख्य देव सम्राट ओजिन. त्याच्या बाजूला नाबेशिमा नाओशिगे, आणि बाजूला यी साम-प्योंग. पकडून आणणारा आणि पकडून आणलेला एकाच गाभाऱ्यात.

"यांचं आपापसात पटत असेल का?" ताई म्हणाल्या, आणि दोघांनाही नमस्कार करून मोकळ्या झाल्या.

आरिताचा पदार्थ गोदोफू. नेहमीचा तोफू समुद्री क्षाराने फाडतात. इथे सोयाचं दूध कुद्झूच्या कंदाचं सत्त्व आणि स्टार्च घालून आटवत, ढवळत राहतात आणि थापून गार करतात. चमच्याने मारलं तर उसळतो. एका घरगुती दुकानात तो तिळाच्या घट्ट गोडसर चटणीबरोबर मिळाला, अर्थातच सुंदर बशीत. मालकीणबाईंनी चटणीत मासा नाही याची दोनदा खात्री दिली. सबंध सहलीत पहिल्यांदा ताईंना काहीही न काढता, न बदलता, सगळं खाता आलं. चौथ्या घासाला त्यांनी पिशवीतून सोलापुरी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि उरलेल्यावर भुरभुरवली. मालकीणबाई काउंटरमागून बघत होत्या. ताईंनी बशी पुढे केली. बाईंनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं, डोळ्यांत पाणी आलं, घटाघटा पाणी प्यायल्या, आणि मग पुडीकडे बोट दाखवून खात्रीने म्हणाल्या, "कोरियाची ना?"

ताईंनी मला भाषांतर विचारलं. मी ते केल्यावर त्यांनी पुडी उलटी करून मागच्या बाजूचा सोलापूरचा पत्ता त्या बाईंना वाचून दाखवायला सुरुवात केली.